दारू ओली होती!

बऱ्याच दिवसांत इकडे काही लिहिलं नाही. पाऊस लांबला, मग एकदम आला, मग घरात लग्न... कारणं बरीच आहेत. आजचा विषयच मुळी कारणांचा आहे. म्हणजे चूक झाल्यावर आपण जी कारणं देतो त्यांचा.

सुरुवात आजोबांपासून करतो. आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. पिकाच्या राखणीची. निलंग्याच्या आसपास तेव्हा ज्वारीत, भुईमुगात रानडुकरं घुसायची आणि एका रात्रीत निम्मं रान उलथं करून जायची. (ही १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या आधीची गोष्ट, हे आधीच सांगून टाकतो.) १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. तसा तो परवाना आजोबांनी एका पत्र्याच्या नळकांड्यात जपून ठेवला होता.

ठासणीच्या बंदुकीला काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी घालून गजाने ठासायची, मग छर्रे, परत चिंधी आणि मागे टोपी. म्हणजे प्रत्येक बार हा घरीच, हातानेच भरलेला. आणि आजोबांचा प्रत्येक चुकलेला बार एकाच कारणाने चुकलेला असायचा : "दारू ओली होती." मृगात ओली असायची हे समजू शकतो, पण मार्गशीर्षातसुद्धा ओलीच! यावर चुलीपुढून आजी म्हणायची, "दारू ओली होती का डोळं मिटलं होतं, बघा की जरा."

आम्ही पोरं हसायचो. आजोबा हसायचे नाहीत.

ही आठवण उगाच आली नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो, टेक्सासला. तिथून अडीच तासांवर आमचे दादा राहतात, थोरल्या मामांचा मुलगा. चाळीसेक वर्षं तिकडे आहेत, इंजिनियर होते, आता निवृत्त. घरातल्या घरात अजून अस्सल निलंग्याचं बोलतात. आणि दादांना एक छंद आहे, रायफलची काडतुसं घरी भरायचा.

आपल्याकडे असं काही करायला जाल तर थेट पोलीस ठाण्यात बसाल. शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे, आणि माझं मत विचाराल तर तो असावाच. तिकडे मात्र स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. गॅरेजमध्ये जसं कुणी सुतारकाम करतो तसं दादांचं हे चालतं. एक जाडजूड टेबल, त्याला घट्ट बसवलेला हातदाबाचा प्रेस, सोनाराकडे असतो तसला नाजूक तराजू, आणि भिंतीवर ओळीने डबे. मी गेलो तर मला बसायलाही जागा नव्हती. स्टुलावर वह्या होत्या.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काडतुसाचे चार भाग. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, टोपी खर्ची पडते, पण पुंगळी तशीच उरते. ती साफ करून, साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची, नवी टोपी, मोजून दारू, नवी गोळी. पैसे वाचतात हे एक. पण खरी हौस वेगळी असते. कारखान्याचं काडतूस सगळ्यांच्या रायफलींसाठी असतं, घरचं फक्त आपल्या एका रायफलीला जुळवून घेतलेलं. शिंप्याकडून कपडे शिवून घेण्यासारखं. आणि म्हणून घरी भरलेल्या काडतुसाने नेम सुधारला पाहिजे, अशी अपेक्षा असते.

दादांचा नेम सुधारत नव्हता. उलट बिघडला होता.

त्यांची रायफल .३०८ विंचेस्टरची. १९५२ साली आलेलं हे काडतूस अचूकतेसाठी नावाजलेलं आहे. चांगली रायफल, चांगलं काडतूस आणि चांगला नेमबाज असेल तर १०० यार्डांवर, म्हणजे साधारण ९१ मीटरवर, पाच गोळ्या एका इंचाच्या आसपास पडाव्यात. दादांच्याही पूर्वी पडत होत्या. त्या वर्षभरात मात्र सव्वादोन इंच, अडीच इंच, एकदा तर तीन. कागदावर गोळ्यांचा घोळका पाहिला तर गव्हावर कोंबड्या सुटल्यासारखा.

आता दादा म्हणजे इंजिनियर माणूस. त्यांनी वर्षभर काय काय केलं ते वह्यांत तारखेसकट लिहिलेलं होतं. दारूची जात बदलली. गोळीचं वजन बदललं. टोपीची कंपनी बदलली. पुंगळ्या एकेक करून तोलल्या आणि वजनाप्रमाणे वेगळ्या केल्या. पुंगळ्यांचे गळे तापवून मऊ केले, म्हणजे गोळी सगळीकडे सारख्या पकडीत बसेल. गोळी किती खोल बसवायची ते इंचाच्या हजाराव्या भागांत कमीजास्त करून पाहिलं. दारू तर अशी तोलायची की मी केसर तोलताना पाहिलं नाही. या कामात वजनाचं माप ग्रेन. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम, आणि दादा त्याच्याही दहाव्या हिश्शासाठी चिमट्याने एकेक कण उचलत होते.

मी दोन दिवस नुसता बघत बसलो. तिसऱ्या दिवशी विचारलं, "दादा, एवढं सगळं एकदम बदलल्यावर कशानं फरक पडला हे कसं कळायचं?"

"तू गप बस. तुला काय कळायलंय त्यातलं?"

खरंच होतं ते. त्यातलं मला काही कळत नाही. पण वही मलाही वाचता येते, आणि वहीत दोन गोष्टी दिसत होत्या.

पहिली गोष्ट. दादा दर वेळी तीन गोळ्या मारायचे आणि निकाल लावायचे. तीन जवळ पडल्या की "सापडलं!" आणि लांब पडल्या की ती दारू बाद. पण तीन हा आकडा फार फसवा आहे. एकाच रायफलीतून, एकाच काडतुसाचे तीन-तीनचे दहा ग्रुप मारले तर त्यातला सगळ्यात मोठा हा सगळ्यात लहानाच्या तिप्पटसुद्धा सहज भरेल, काहीही न बदलता. शिवाय तीन गोळ्यांचा ग्रुप पाच गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरी पाचव्या हिश्शाने लहान दिसतो, आणि दहाचा पाचापेक्षा साधारण पावपटीने मोठा. त्यात जादू काही नाही, जास्त गोळ्या म्हणजे एखादी लांब पडायला जास्त संधी. तेव्हा दादा ज्याला सुधारणा म्हणत होते ती निम्म्याहून जास्त वेळा नुसती नशिबाची लहर असणार.

दुसरी गोष्ट साध्या हिशेबाची. दारू कमीजास्त पडली तर गोळीचा वेग बदलतो, आणि वेग बदलला की गोळी वर किंवा खाली लागते. बरोबर. पण किती? .३०८ ची गोळी १०० यार्ड अंतर सेकंदाच्या आठव्या हिश्शात कापते. तेवढ्या वेळात ती जेमतेम पावणेतीन इंच खाली येते. वेगात सेकंदाला ५० फुटांचा फरक पडला, जो घरच्या भरणीत बराच मोठा फरक मानतात, तरी निशाण्यावर फरक पडतो सुमारे एक दशांश इंचाचा. लांबच्या पल्ल्यावर तो वाढत जातो हे खरं, पण दादा १०० यार्डांवरच मारत होते. म्हणजे अडीच इंचांचा दोष ते चिमट्याने दारूच्या कणांत शोधत होते, जिथे तो मावतच नव्हता.

हे त्यांना कळत नव्हतं? इंजिनियर माणसाला? मला नाही वाटत.

शेजारी एक म्हातारे गोरे गृहस्थ राहतात, दादांपेक्षा चार वर्षांनी मोठे आणि नेमबाजीत मुरलेले. त्यांना घेऊन आम्ही रेंजवर गेलो. कानाला बोंडं, डोळ्याला चष्मे, सगळं रीतसर. त्या गृहस्थांनी वह्या पाहिल्या, मिशीत हसले आणि म्हणाले, दोनच गोष्टी करू. एक, दादांनी स्वतःच्या रायफलीतून कारखान्याची स्पर्धेच्या दर्जाची काडतुसं मारायची. दोन, दादांनी भरलेली काडतुसं त्याच रायफलीतून मी मारतो.

बस. एवढंच. वर्षभराच्या सहा वह्यांत ही एक चाचणी नव्हती.

या चाचणीची गंमत बघा. कारखान्याच्या काडतुसांनी ग्रुप लहान आला असता तर दोष दादांच्या भरणीत. मग गोळीची खोली, गळ्याची पकड, दारूचा लॉट, पुंगळ्यांची सरमिसळ, हे एका वेळी एक याप्रमाणे तपासायचं. दोन्ही काडतुसांनी दोघांचाही ग्रुप मोठा आला असता तर दोष रायफलीत. मग आधी फुकटातल्या गोष्टी बघायच्या : दुर्बिणीच्या पकडीचे स्क्रू सैल आहेत का, दस्त्याचे स्क्रू सैल आहेत का, नळी कुठे लाकडाला टेकते का, आत तांब्याचा थर साचलाय का, नळीच्या तोंडाची कड कुठे ठेचलीय का. बरेच नामवंत "दारूचे दोष" शेवटी एका सैल स्क्रूत सापडतात म्हणे. आणि तिसरी शक्यता राहते ती...

दादांनी कारखान्याची पाच काडतुसं मारली. अडीच इंच. शेजाऱ्यांनी दादांनी भरलेली पाच मारली, थांबले, नळी थंड होऊ दिली, परत पाच मारली. एकदा इंचाच्या आत, एकदा थोडा इंचाच्या वर.

दादा दुर्बिणीतून कागदाकडे बराच वेळ बघत राहिले. भरणी उत्तम होती. रायफल उत्तम होती.

मग त्या गृहस्थांनी आणखी एक केलं. म्हणाले, आता काडतूस मी घालून देतो, तुम्ही फक्त चाप ओढा. त्यांनी दादांना न सांगता मधेच एक पोकळ काडतूस घातलं, दारू नाही, टोपी नाही, नुसती पुंगळी आणि गोळी. दादांनी नेम धरला, चाप ओढला. बार झाला नाही, नुसतं खट् वाजलं. आणि त्या शांततेत आम्ही तिघांनीही बघितलं, रायफलीचं तोंड चांगलं बोटभर खाली गेलं. बार होणार या धास्तीने दादांचा खांदा आधीच पुढे रेटला होता, आणि डोळेही मिटले होते.

चुलीपुढची आजी मला टेक्सासात ऐकू आली.

नेमबाजांत हा दोष अगदी जुना आणि सर्वांना ठाऊक असलेला. धक्क्याची आणि आवाजाची वाट बघणारं शरीर चाप पुरता ओढण्याआधीच दचकतं. खऱ्या बाराच्या वेळी ते दिसत नाही, कारण धक्का सगळं झाकून टाकतो. ज्याला होतं त्याला तर मुळीच जाणवत नाही. वय झालं, खांदा दुखू लागला की पक्क्या नेमबाजालाही होतो.

परतताना गाडीत दादा गप्प. निम्म्या वाटेत म्हणाले, "मला गेल्या दिवाळीपासून वाटायलं होतं रे. पण म्हणलं, आधी दारू बघावी."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

कारण ते इंजिनियर असूनही चुकत नव्हते, ते इंजिनियर होते म्हणूनच इतक्या व्यवस्थित चुकत होते. त्यांच्या तपासणीत तराजू होता, हजारावा भाग होता, तारखा होत्या. नव्हती ती फक्त एक चाचणी, जिचं उत्तर "तूच" असं येऊ शकलं असतं. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण आपण आळशी माणसाला लावतो. पण अंगणाचा उतार पारा लावून मोजणारी, वर्षभर फरशी बदलत राहणारी मेहनती माणसंही असतात. त्यांना म्हण लागू पडते हे लक्षात यायला वेळ लागतो, कारण ती इतकं काम करत असतात!

स्पर्धेतले नेमबाज या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं, ४५१.४ गुण. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या कुस्तीच्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. तर या प्रकारात ०.२२ ची काडतुसं वापरतात. ती घरी भरण्याजोगी नसतात, आणि दहा गुणांचं वर्तुळ असतं फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं. म्हणून वरच्या पातळीवर कारखान्याच्या वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्या रायफलीतून मारून पाहतात आणि जो लॉट जुळेल तो घेतात. ही परीक्षा करताना रायफल शिकंज्यात घट्ट आवळतात. माणूस बाजूला! श्वास नाही, दचका नाही, मन नाही. मग जो ग्रुप येतो तो निव्वळ रायफलीचा आणि काडतुसाचा. मला यात आवडतं ते हे, की एकदा असा लॉट निवडून घेतला की मैदानावर सबब उरत नाही. आठ-नऊ आला तर तो आपला.

इथपर्यंत दादांबद्दल लिहायला सोपं गेलं. आता माझं.

२०२० चा जून नातेवाइकांना आठवत असेल. मराठवाड्यात ठिकठिकाणी सोयाबीन उगवलंच नाही. आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०१९ मध्ये काढणीच्या वेळी पावसाने पीक भिजलं होतं, त्यामुळे बियाण्याचा दर्जा त्या वर्षी मुळातच नरम होता. तक्रारींचा ढीग पडला, औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. आमचंही तीन एकर उगवलं नाही. चार-पाच हातावर एक रोप. मी दुकानात गेलो आणि दहा माणसांसमोर त्या दुकानदाराला नाही नाही ते बोललो. बोगस माल विकता, शेतकऱ्याच्या टाळूवरचं लोणी खाता वगैरे. तो बिचारा "अण्णा, ऐका तर" म्हणत होता. मी कशाचा ऐकतोय. कृषी खात्याकडे अर्ज दिला, दुबार पेरणी केली, कर्ज काढलं.

त्याच लॉटची दोन पोती माझ्या धाकट्या भावानेही नेली होती. बांधाला बांध. त्याचं उगवलं.

सोयाबीनचं टरफल पातळ असतं, कोंब नाजूक असतो. तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं की वर यायची ताकद राहत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये असं दरवर्षी सांगतात. भावाने थांबून तिफणीने पेरलं. मी पहिल्या पावसावर घाईने ट्रॅक्टर घातला, पेरणीयंत्राची खोली बघितली नाही, आणि वरून जोराची सर येऊन जमिनीला पापडी धरली. भावाचं रान मला रोज दिसत होतं. तरी मी आठ दिवस म्हणत राहिलो की त्याच्या पोत्यात चांगलं निघालं असेल.

दारू ओली होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, नाहीतर याचा भलताच अर्थ निघेल. त्या वर्षी बियाणं खरोखर खराब निघालेले शेतकरी खूप होते. त्यांनाही हेच ऐकवलं गेलं, "तुम्हीच खोल पेरलं असेल." ते न तपासता म्हटलेलं असतं तेव्हा तीही एक "ओली दारू"च आहे, फक्त दुसऱ्या बाजूची. मी असं मुळीच म्हणत नाही की दोष नेहमी आपलाच. शेतकऱ्याला तर उठसूट कुणीही हे सांगतं. माझं म्हणणं एवढंच आहे की जी चाचणी आपल्याला दोषी ठरवू शकते, तीच आपल्याला निर्दोषही ठरवू शकते. दादांचीच गोष्ट घ्या. त्या दिवशी त्यांना दचका कळला, पण त्याच वेळी हेही कळलं की वर्षभर त्यांनी भरलेली काडतुसं उत्तम होती. हे त्यांना वर्षभर कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी कुणाला मारूच दिली नव्हती.

म्हणून आता मी बियाणं पेरण्याआधी घरीच तपासतो. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल राखायची, सात-आठ दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले तर बियाणं चांगलं. निवडून शंभर दाणे घ्यायचे नाहीत, पोत्यातून सरसकट घ्यायचे, आणि तीन दाणे उगवले म्हणून उड्या मारायच्या नाहीत. पिशवी, तिची खूणचिठ्ठी, पावती आणि मूठभर नमुना जपून ठेवायचा. मग रानात नाही उगवलं तर निदान भांडताना आपल्याला माहीत असतं की आपण कुणाशी भांडतोय. बियाण्याशी, पावसाशी, की स्वतःशी.

दादांचं पुढे काय झालं? त्यांनी रायफल दोन महिने बाजूला ठेवली. रोज संध्याकाळी रिकाम्या रायफलीचा चाप ओढायचा सराव केला, नळीच्या तोंडाशी नाणं ठेवून, ते पडू नये असा. नंतर बरेच दिवस ०.२२ ची हलकी रायफल चालवली, जिला धक्का नसतो. परवा फोन आला. आता दीड इंचाच्या आत येतात, कधी सव्वा. पूर्वीचा एक इंच काही येत नाही. "वय झालं की रे," म्हणाले. वय हे कारण आहे की सबब, ते मी विचारलं नाही. आता ते पाच-पाचचे ग्रुप मारतात आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतात. आणि महिन्यातून एकदा ते शेजारी येऊन गुपचूप एक पोकळ काडतूस घालून जातात. दादांनीच सांगून ठेवलंय.

आता राहिला तो दुकानदार. मी त्याला बोललो दहा माणसांसमोर. भावाचं रान बघून माझं मत बदललं ते मात्र मनातल्या मनात. त्यानंतर मी त्या दुकानात गेलो नाही, लाजेपोटीच, पण लोकांनी अर्थ लावला की अण्णांचा राग अजून गेला नाही. म्हणजे माझ्या चुकीचा भुर्दंड तो अजूनही भरतोय. तो काही हे वाचणार नाही, तेव्हा इथे लिहून माझी सुटका होत नाही हे मला कळतं.

खताची चौकशी करायला बाजारात जायचंच आहे. त्याच्या दुकानात जातो, आणि गर्दी असेल त्या वेळेला जातो. भावालाही बरोबर नेईन म्हणतो. नाहीतर मी परत येऊन सांगायचो, दुकान बंद होतं :)